बाकी उरली तर काय करायचे?
(दशांश अपूर्णांकांचा भागाकार आणि त्यांचा इतिहास)



या वेळच्या भित्तिपत्रकात गणिताचा लेख लिहिण्याचे काम गुरुजींनी मला दिले आहे. लेख जरा लांब आहे. चार कागद लागले. म्हणून एका दमात वाचू नका. वही-पेन्सिल जवळ घ्या, एकेक उदाहरण करून पाहा, मग पुढचा कागद वाचा. पालकांनीही करून पाहावे. ज्यांना पावकी-दिडकी येते त्यांना तर हा लेख आमच्यापेक्षा लवकर समजेल.

तिसरीपर्यंत आपण भागाकार करतो तेव्हा शेवटी लिहितो, "भागाकार ४, बाकी १". बाकी लिहिली की गणित संपले. पण खऱ्या व्यवहारात गणित तिथे संपत नाही. बाकी उरली म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे काहीतरी अजून वाटायचे राहिले आहे. ते कसे वाटायचे, हे दशांश अपूर्णांक शिकवतात. माझ्या लेखात एवढेच सांगायचे आहे.

(१) एककाच्या उजवीकडची घरे

आपल्याला एकक, दशक, शतक, हजार ही घरे माहीत आहेत. उजवीकडून डावीकडे एक घर सरकलो की किंमत दहापट होते. १० काड्यांचा एक गठ्ठा म्हणजे दशक, १० गठ्ठ्यांचा एक मोठा गठ्ठा म्हणजे शतक.

आता उलटे चाला. शतकाकडून दशकाकडे आलो की किंमत दहावा हिस्सा होते. दशकाकडून एककाकडे आलो की परत दहावा हिस्सा. मग एककापाशी थांबायचे कशाला? आणखी उजवीकडे गेलो तर एककाचा दहावा हिस्सा येतो. त्या घराचे नाव दशांश. त्याच्याही उजवीकडे दशांशाचा दहावा हिस्सा, म्हणजे शतांश. त्याच्या पुढे सहस्रांश.

घरे अशी आहेत:

शतक – दशक – एकक . दशांश – शतांश – सहस्रांश

मधले टिंब म्हणजे दशांश चिन्ह. त्याचे काम एकच. एककाचे घर कोणते, ते दाखवायचे. टिंबाच्या लगेच डावीकडे एकक. टिंब नसेल तर ६२५ हे सहाशे पंचवीस आहेत की सहा पूर्णांक पंचवीस शतांश आहेत, हे कोणाला कळणार? आकडे तेच, पण टिंबाची जागा एक घर चुकली की किंमत दहापट वाढते किंवा दहावा हिस्सा होते. दूध डेअरीच्या पावतीवर ४.५ लिटरच्या जागी ४५ लिहिले तर डेअरीवाला हसेल, पण ०.४५ लिहिले तर आपल्या घरी रडायची पाळी येईल.

मीटरपट्टीवर ही घरे डोळ्यांनी दिसतात. १ मीटरचे १० सारखे भाग केले की एक भाग ०.१ मीटर. त्याचे परत १० भाग केले की ०.०१ मीटर, म्हणजेच १ सेंटिमीटर. त्याचे परत १० भाग केले की ०.००१ मीटर, म्हणजे १ मिलिमीटर.

(२) बाकी मोडायची रीत

१७ रुपये ४ जणांत वाटायचे आहेत.

चार चोक सोळा. प्रत्येकाला ४ रुपये दिले, बाकी १ रुपया. आता हा एक रुपया चौघांना कसा द्यायचा? दुकानात आपण मोठी नोट मोडतो ना, तसा हा रुपया मोडायचा. १ रुपया म्हणजे १० दशांश. १० ला ४ ने भागले, प्रत्येकाला २ दशांश, बाकी २ दशांश. तीही मोडायची. २ दशांश म्हणजे २० शतांश. २० ला ४ ने भागले, प्रत्येकाला ५ शतांश. बाकी शून्य. कोणाचे काही राहिले नाही.

१७ ÷ ४ = ४.२५

म्हणजे प्रत्येकाला ४ रुपये २५ पैसे.

यात नवीन पाढा नाही. नवीन नियमही नाही. ७२ ला ४ ने भागताना आपण ७ दशकांपैकी उरलेली ३ दशके मोडून ३० एकक करतो आणि त्यात २ मिळवतो. तेच काम इथे टिंबाच्या पलीकडे चालू ठेवायचे. बाकीवर शून्य घ्यायचे, म्हणजे ती मोडायची. पहिल्यांदा शून्य घेताना भागाकारात टिंब द्यायचे. बस्स.

(३) आबांचे आणे आणि नवे पैसे

माझे आबा जुने चौथी पास आहेत. ते शाळेत होते तेव्हा १ रुपयाचे १६ आणे होते. १ आण्याचे ४ पैसे, आणि हिशोबात १ आण्याच्या १२ पै. म्हणून १ रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. आबा म्हणतात, "पैचं नाणं आम्हाला बघायला मिळत नव्हतं, पण पाटीवर रुपये-आणे-पै असंच लिहावं लागायचं." अजूनही मोठी माणसे २५ पैशांना चार आणे आणि ५० पैशांना आठ आणे म्हणतात. एखादी गोष्ट अगदी खरी असली तर "सोळा आणे खरी" म्हणतात. ते तेव्हापासूनचे आहे.

मग १ एप्रिल १९५७ पासून भारत सरकारने १ रुपयाचे १०० पैसे केले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांना नवे पैसे म्हणत. १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द काढून टाकला आणि नुसता पैसा राहिला.

पण काही काळ आणे आणि नवे पैसे दोन्ही बाजारात होते. मग १ आण्याचे नवे पैसे किती? हा भागाकाराचाच प्रश्न आहे. १०० ला १६ ने भागा.

१६ सक ९६. भागाकार ६, बाकी ४.
४ मोडून ४० दशांश. १६ दुणे ३२. भागाकारात २, बाकी ८.
८ मोडून ८० शतांश. १६ पाचे ८०. भागाकारात ५, बाकी ०.

१०० ÷ १६ = ६.२५

म्हणजे १ आणा बरोबर ६.२५ नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे कुठून आणणार? म्हणून नियम असा केला की, अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा आणि अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसा धरायचा. त्याचा तक्ता असा होता:

१ आणा = ६.२५, म्हणून ६ पैसे
२ आणे = १२.५०, म्हणून १२ पैसे
३ आणे = १८.७५, म्हणून १९ पैसे
४ आणे = २५ पैसे बरोबर

आता गंमत पाहा. एक एक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर ६ त्रिक १८ पैसे लागत. तीन आण्यांची एकच वस्तू घेतली तर १९ पैसे. मी आबांना म्हणाले, "आबा, मग तुम्ही एकेक आण्याचंच घेत असाल!" आबा म्हणाले, "पोरी, एक आणा हातात असला तर ना!"

(४) दशांश अपूर्णांकाला साध्या संख्येने भागणे

६.१५ मीटर दोरीचे ३ सारखे तुकडे करायचे आहेत.

आधी अंदाज करायचा. ही सवय गुरुजींनी आम्हाला लावली आहे. ६ मीटरचे ३ तुकडे म्हणजे २ मीटर. म्हणून उत्तर २ च्या जवळ येणार. २०.५ किंवा ०.२०५ आले तर टिंब घसरले असे समजायचे.

आता भागा. ६ एककांना ३ ने भागले, २. टिंब आले, भागाकारातही टिंब दिले. १ दशांशाला ३ ने भाग जात नाही, म्हणून दशांशाच्या घरात ०. तो १ दशांश मोडला, १० शतांश झाले. त्यात ५ शतांश मिळवले, १५ झाले. ३ पाचे १५.

६.१५ ÷ ३ = २.०५

मधले शून्य फार महत्त्वाचे आहे. ते गाळले तर २.५ होतील. २.५ मीटरचे तीन तुकडे म्हणजे साडेसात मीटर. एवढी दोरी आपल्याकडे नाहीच! शून्याची किंमत काही नाही असे म्हणतात, पण ते घर राखून बसते, म्हणून पुढचा ५ आपल्या घरात राहतो.

(५) दशांश अपूर्णांकाने भागणे

आता भाजकातच टिंब आले तर? शिंप्याकडे ७.५ मीटर कापड आहे. एका शर्टाला १.२५ मीटर लागते. किती शर्ट होतील?

७.५ ÷ १.२५

इथे रीत अशी की, भाज्य आणि भाजक दोघांनाही एकाच संख्येने गुणायचे. दोघांनाही १०० ने गुणले तर ७५० ÷ १२५ झाले. उत्तर ६ शर्ट. असे का चालते? कारण आपण कापड वाढवले नाही. नुसते मीटरऐवजी सेंटिमीटर म्हणालो. ७.५ मीटर म्हणजे ७५० सेंटिमीटर आणि १.२५ मीटर म्हणजे १२५ सेंटिमीटर. कापड तेच, शर्टही तेवढेच. मात्र दोघांनाही सारखेच गुणले पाहिजे. एकालाच गुणले तर कापड मोजले सेंटिमीटरमध्ये आणि शर्ट मोजला मीटरमध्ये, असे होईल.

हे उदाहरण मी आबांना तोंडी घातले. मी वहीत शून्ये मांडते आहे तोवर आबा म्हणाले, "सहा!" मी विचारले, "आबा, तुम्ही कसं केलं?" ते म्हणाले, "सवायकी पाठ आहे. सव्वा सहा वेळा घेतला की साडेसात."

जुन्या शाळेत अपूर्णांकांचेही पाढे पाठ करून घेत. ते दशांशात असे लिहिता येतील:

पावकी – ०.२५ चा पाढा
निमकी – ०.५ चा पाढा
पाऊणकी – ०.७५ चा पाढा
सवायकी – १.२५ चा पाढा
दिडकी – १.५ चा पाढा
अडीचकी – २.५ चा पाढा
औटकी – ३.५ चा पाढा (औट म्हणजे साडेतीन)

म्हणून आबांना हे गणित तोंडी आले. मग मी विचारले, "७.५६ मध्ये १.२६ किती वेळा?" आबा म्हणाले, "त्याचा पाढा नव्हता बुवा." दशांशाच्या रीतीने मात्र तेही तसेच सुटते. ७५६ ÷ १२६ = ६. पाढा पाठ असला की झटकन उत्तर येते, आणि रीत माहीत असली की कोणतेही उत्तर येते. दोन्ही असले तर फारच छान.

आणखी एक प्रश्न आमच्या वर्गात निघाला होता. ६ ÷ ०.५ = १२. भागाकार केला तर उत्तर लहान यायला पाहिजे, हे मोठे कसे आले? याचे उत्तर भाकरीत आहे. ६ भाकऱ्या आहेत. प्रत्येकाला अर्धी दिली तर १२ जणांना पुरतील. ०.५ ने भागणे म्हणजे "सहात अर्धे अर्धे किती?" असे विचारणे. भाजक एकाहून लहान असला की उत्तर भाज्याहून मोठे येते.

(६) हे टिंब कोठून आले?

एकक, दशक, शतक ही घरांची पद्धत आणि शून्य आपल्या भारत देशात वाढले. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात प्रत्येक स्थान आधीच्या स्थानाच्या दहापट असते असे सांगितले आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याची बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम लिहिले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिर आहे. तेथे इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात अशी आकड्यात कोरली आहे, आणि त्यातले शून्य आपल्या शून्यासारखेच गोल आहे.

पण आपले जुने गणिती एककाच्या उजवीकडे घरे वाढवत नसत. अपूर्णांक ते एकाखाली एक आकडे लिहून दाखवत. म्हणजे डावीकडचा रस्ता बांधला होता, उजवीकडचा व्हायचा होता.

आपले अंक अरब देशांत गेले. दमास्कस शहरात अल्-उक्लिदिसी नावाच्या गणितीने इ. स. ९५२-५३ मध्ये भारतीय हिशोबावर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने १९ चे निम्मे, त्याचे निम्मे, परत निम्मे असे पाच वेळा केले आहे:

१९ – ९.५ – ४.७५ – २.३७५ – १.१८७५ – ०.५९३७५

तो टिंब देत नसे. एककाच्या अंकावर एक लहान रेघ मारत असे. पण घरे तीच. आमची आजीसुद्धा धान्य असेच निम्मे निम्मे मोजते. शेराचे निम्मे मापटे, मापट्याचे निम्मे चिपटे. दशांशात १, ०.५, ०.२५.

पुढे समरकंद शहरात जमशीद अल्-काशी याने १४२७ मध्ये आपल्या मोठ्या पुस्तकात दशांश अपूर्णांकांचे हिशोब नीट मांडले. इटलीत जोव्हानी बियांकीनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने १४४० नंतरच्या काही वर्षांत आपल्या कोष्टकांत टिंब वापरले होते. ही गोष्ट २०२४ साली उजेडात आली. म्हणजे इतिहासातही अजून नवीन सापडते!

पण दशांश सामान्य लोकांपर्यंत नेला तो सायमन स्टेव्हिन याने. तो इंजिनिअर होता. आज ज्याला बेल्जियम म्हणतात त्या देशातील ब्रुज गावी त्याचा जन्म झाला. १५८५ मध्ये त्याने एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच 'दशांश' असा आहे. ते त्याने पंडितांसाठी लिहिले नाही. जमीन मोजणारे, पडदे-गालिचे मोजणारे, टाकसाळीतले लोक, व्यापारी यांच्यासाठी लिहिले. तो टिंब देत नव्हता, प्रत्येक अंकाजवळ गोलात घराचा क्रमांक लिहीत असे. एककाला गोलात ०, दशांशाला गोलात १, शतांशाला गोलात २. लिहायला किती वेळ लागत असेल! पुढे जॉन नेपियर याने १६१७ च्या पुस्तकात टिंब किंवा स्वल्पविराम वापरला. आजही युरोपातल्या पुष्कळ देशांत टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात.

स्टेव्हिनने त्याच पुस्तकात सुचवले होते की, राज्यकर्त्यांनी नाणी, वजने आणि मापेसुद्धा दहाच्या हिशोबाने करावीत. ते व्हायला फार वर्षे लागली. रशियाने १७०४ मध्ये रुबलचे १०० कोपेक केले. अमेरिकेने १७९२ मध्ये डॉलरचे १०० सेंट ठरवले. फ्रान्सने १७९५ मध्ये मीटर आणि ग्रॅमचा कायदा केला. आपल्याकडे १९५७ मध्ये १०० पैसे झाले आणि ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला. इंग्रजांच्या पौंडाचे मात्र २४० पेन्स होते. त्यांनी १०० पेन्स केले ते १५ फेब्रुवारी १९७१ ला. म्हणजे या बाबतीत आपण इंग्लंडच्या १४ वर्षे पुढे!

(७) न संपणारा भागाकार

दशांशाचे एवढे कौतुक केल्यावर एक खरी गोष्टही सांगितली पाहिजे. १० रुपये तिघांत वाटा. ३ त्रिक ९, बाकी १. मोडली, १० दशांश. ३ त्रिक ९, बाकी १. परत मोडली, १० शतांश. परत ३, परत बाकी १.

१० ÷ ३ = ३.३३३३...

कितीही कागद आणा, बाकी १ उरतेच. अशा अपूर्णांकाला आवर्ती दशांश म्हणतात.

हे आबांना सांगितले तर ते खूष झाले. ते म्हणाले, "आमच्या रुपयाला तीननं भाग जायचा. पाच आणे चार पै." मी करून पाहिले. १९२ पै ÷ ३ = ६४ पै. ६४ पै म्हणजे ५ आणे ४ पै. सोळा आणे खरे निघाले! १०० पैशांना ३ ने भाग जात नाही, पण १९२ पैंना जातो.

मग मी म्हणाले, "आबा, आता तुमचा रुपया पाचजणांत वाटा." १९२ ÷ ५, बाकी २ पै. आमचे १०० ÷ ५ = २० पैसे, बाकी शून्य. म्हणून आमचा सामना बरोबरीत सुटला.

गुरुजींनी याचे कारण सांगितले. १० चे अवयव २ आणि ५. म्हणून २ ने, ५ ने किंवा त्यांच्याच गुणाकाराने (४, ८, १०, १६, २०, २५ असे) भागले की दशांश कधीतरी संपतो. पण अपूर्णांक अगदी लहान करून लिहिला आणि भाजकात ३ किंवा ७ यांसारखा दुसरा अवयव राहिला, तर तो संपत नाही. तेव्हा जेवढी गरज असेल तेवढ्या घरांपर्यंत उत्तर काढायचे. पैशांत दोन घरे पुरतात.

(८) नाणे नाही, पण हिशोब आहे

कोणी म्हणेल, आता पैसे दिसतात तरी कुठे? खरे आहे. २५ पैसे आणि त्याहून लहान नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बंद झाली. ५० पैसे कायद्याने चालतात, पण क्वचितच हाती येतात. मग शतांशापर्यंत भागाकार का शिकायचा?

याचे उत्तर मला आईच्या वहीत मिळाले. माझी आई आणि आमच्या आळीतल्या सात बायका मिळून खुरपणीचे काम उक्ते घेतात. आठवड्याचे २२५० रुपये ठरले होते. आठ जणींत वाटले तर प्रत्येकीला २८१ रुपये आणि बाकी २ रुपये. ते २ रुपये कोणी घ्यायचे? एखाद्या आठवड्याला चहात जात, एखाद्या आठवड्याला जिच्या हातात पैसे असत तिच्याकडे राहत. दोन रुपयांचे काय एवढे, असे सगळ्या म्हणत, पण मनात राहून जाई. एकदा त्यावरून दोघी जणी दोन दिवस बोलल्या नाहीत.

आम्ही घरी भागाकार पुढे नेला. २ रुपये म्हणजे २० दशांश. आठ दुणे १६, बाकी ४. ४० शतांश. आठ पाचे ४०. बाकी शून्य.

२२५० ÷ ८ = २८१.२५

२५ पैशांचे नाणे नाही हे खरे. म्हणून आईने वहीत आठ रकाने पाडले आणि प्रत्येकीच्या नावापुढे ०.२५ लिहिले. दुसऱ्या आठवड्याला ०.५०. तिसऱ्याला ०.७५. चौथ्या आठवड्याला १.०० झाला, आणि प्रत्येकीला एकेक रुपया जास्त मिळाला. चार आठवडे जपलेले ८ रुपये आठ जणींना बरोबर गेले. त्या दिवशी आई म्हणाली, "रुपया मोठा नाही गं, पण आता कोणाला विचारायला नको की उरलेलं कुठं गेलं."

दुधाच्या पावतीवरचे लिटर आणि फॅट, विजेच्या युनिटचा दर, पेट्रोलचा भाव, रेशनच्या काट्यावरचे वजन, सगळीकडे टिंबानंतरचे आकडे असतात. ज्याला ते वाचता येतात त्याला आपला हिशोब स्वतः तपासता येतो. म्हणून आपल्या घरी येणारी प्रत्येक पावती आपण वाचून दाखवावी, असे मला वाटते.

(९) लक्षात ठेवा

१. भागण्यापूर्वी उत्तराचा अंदाज करा.
२. भाज्यातले टिंब ओलांडले की भागाकारात टिंब द्या.
३. भाग जात नसेल त्या घरात शून्य लिहायला विसरू नका.
४. भाजकात टिंब असेल तर भाज्य आणि भाजक दोघांनाही १०, १०० किंवा १००० ने सारखेच गुणा.
५. बाकी उरली तर शून्य घेऊन मोडा आणि पुढे चला.
६. शेवटी भाजक आणि भागाकार यांचा गुणाकार करून ताळा पाहा.

(१०) तुम्ही करून पाहा

(अ) ८.४ लिटर दूध ६ घरांत सारखे दिले. प्रत्येक घरी किती?
(आ) ४.५ लिटर गोडेतेल ०.७५ लिटरच्या बाटल्यांत भरले. किती बाटल्या लागतील?
(इ) ४.१२ मीटर पट्टीचे ४ सारखे तुकडे केले. एक तुकडा किती मीटरचा? (मधले घर सांभाळा!)
(ई) फक्त आजी-आजोबांसाठी: साडेबारात अडीच किती वेळा? वहीपेन्सिल न घेता सांगा.
(उ) १ ला ७ ने भागा. सहा घरांपर्यंत अंक लिहा, मग पुढचे सहा अंक लिहा. काय दिसते ते वर्गात सांगा.

(अ) ते (ई) ची उत्तरे कागदाच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत. खालचा कोपरा हळूच उचलून पाहा, कागद फाडू नका. (उ) चे उत्तर लिहिलेले नाही. ते ज्याचे त्याने शोधायचे आहे.

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी